जमिनीचा श्वास : कपिलधारच्या उतारावरील कर्बाचा हिशेब

बीड शहराच्या दक्षिणेस, मांजरसुंबा घाटाजवळ, बालाघाटच्या डोंगररांगेत कपिलधार हे स्थान आहे. वीरशैव संत मन्मथ स्वामी यांची समाधी येथे असून कार्तिक पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारा धबधबा पाहण्यासाठी पर्यटकांचीही गर्दी होते. धबधब्याच्या पाण्याकडे सर्वांचे लक्ष जाते. ते पाणी ज्या मातीतून झिरपत येते तिच्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही.

डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस मातीत मुरतो तेव्हा मातीतील सूक्ष्मजीवांनी आणि मुळांनी श्वसनातून सोडलेला कार्बन डायऑक्साइड वायू त्यात विरघळतो. वातावरणात या वायूचे प्रमाण सुमारे ०.०४ टक्के असते. मातीच्या कणांमधील हवेत, विशेषतः पावसाळ्यात, ते दहापट ते शंभरपट असू शकते. हे सौम्य आम्ल झालेले पाणी काळ्या पाषाणाला झिजवते आणि झऱ्यांत, ओढ्यांत व विहिरींत बायकार्बोनेटच्या रूपाने उतरते. म्हणजे बालाघाटच्या कड्यावरून पडणाऱ्या प्रवाहात जमिनीच्या श्वासाचा एक अंश वाहत असतो. हा श्वास किती वेगाने चालावा, त्यातील किती कर्ब मातीत शिल्लक राहावा आणि किती हवेत जावा, हे ठरवणारे कामगार डोळ्यांना न दिसणारे आहेत. हवामान बदलत असताना त्यांचे काम कसे बदलते, या प्रश्नावर मराठवाड्यासारख्या कोरडवाहू प्रदेशाचे भवितव्य बऱ्याच अंशी अवलंबून आहे.

मातीतील ठेव

जगातील मातीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब साठलेला आहे, असा अंदाज आहे. वातावरणातील कर्ब सुमारे ९०० अब्ज टन भरतो. जगातील सर्व वनस्पतींमधील कर्ब त्याहूनही कमी आहे. कोळसा, तेल आणि वायू जाळून माणूस दरवर्षी सुमारे १० अब्ज टन कर्ब हवेत सोडतो. जमिनीच्या श्वसनातून बाहेर पडणारा कर्ब त्याच्या कित्येक पट आहे. निसर्गात हा खर्च वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणातून भरून निघतो. जमा आणि खर्च यांत थोडा जरी फरक पडला, तरी त्याचा परिणाम हवेतील कर्बावर होतो.

हाच हिशेब एका शेतापुरता मांडता येतो. एक हेक्टर क्षेत्रातील वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन साधारण २,००० टन असते. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.५ टक्के आला, तर त्या थरात सुमारे १० टन कर्ब आहे, असे समजावे. माती परीक्षणाच्या सर्वसाधारण वर्गवारीत ०.५ टक्क्यांहून कमी कर्ब म्हणजे ‘कमी’ आणि ०.७५ टक्क्यांहून अधिक म्हणजे ‘जास्त’. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत ज्या १२ घटकांची तपासणी होते, त्यांत सेंद्रिय कर्बाचा समावेश आहे. नत्र, स्फुरद, पालाश हे आकडे शेतकरी लगेच पाहतो. कर्बाचा आकडा बहुधा दुर्लक्षित राहतो. प्रत्यक्षात इतर अनेक घटकांची उपलब्धता याच आकड्याशी बांधलेली असते.

सूक्ष्मजीवांचे काम

चमचाभर मातीत कोट्यवधी, कधी अब्जावधी जिवाणू असतात. त्यांच्या हजारो जाती एकत्र नांदतात. त्यांच्याबरोबर बुरशी, ॲक्टिनोमायसिट्स, आर्किया आणि या सर्वांवर जगणारे आदिजीव असतात. एवढी संख्या असूनही या सजीवांच्या शरीरातील कर्ब मातीतील एकूण सेंद्रिय कर्बाच्या साधारण १ ते ५ टक्केच भरतो. तरीही उरलेला जवळजवळ सर्व कर्ब कधी ना कधी त्यांच्याच तावडीतून जातो.

पाने, मुळे, धसकटे आणि शेण मातीत पडले की सूक्ष्मजीव विकरे सोडून त्यांचे मोठे रेणू तोडतात. साखर व स्टार्च लवकर संपतात, सेल्युलोजला वेळ लागतो आणि लाकडातील लिग्निन बहुतांशी बुरशीच पचवू शकते. खाल्लेल्या कर्बाचा एक भाग ऊर्जेसाठी जळून कार्बन डायऑक्साइड होतो, तर दुसरा भाग सूक्ष्मजीवांचे शरीर बनतो. शंभर भाग कर्ब खाल्ला तर शरीरासाठी किती वापरला गेला, याला कर्बवापराची कार्यक्षमता म्हणतात. परिस्थितीप्रमाणे ती बदलते. सर्वसाधारणपणे ३० ते ५० भाग शरीरात राहतात. मातीत कर्ब किती साठेल हे ठरवण्यात या कार्यक्षमतेचा वाटा फार मोठा आहे, असे २०२३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जागतिक विश्लेषणात दिसून आले.

पूर्वी असे मानले जाई की, कुजण्यास कठीण असलेले पदार्थ शेवटी शिल्लक राहतात आणि त्यांचाच ह्यूमस बनतो. गेल्या दोन दशकांत ही समजूत बरीच बदलली. मातीत दीर्घकाळ टिकणाऱ्या कर्बाचा मोठा भाग मेलेल्या सूक्ष्मजीवांच्या अवशेषांचा असतो. हे अवशेष चिकणमातीच्या कणांना चिकटून बसतात किंवा मातीच्या बारीक ढेकळांच्या आत अडकतात. तेथे विकरे पोहोचत नाहीत, हवा कमी असते आणि म्हणून तो कर्ब वाचतो. यातून निघणारा अर्थ असा की, कर्ब साठवायचा तर सूक्ष्मजीवांना उपाशी ठेवून चालत नाही. त्यांना नियमित खाद्य मिळाले पाहिजे आणि त्यांचे अवशेष धरून ठेवणारी मातीची घडण टिकली पाहिजे.

पहिला पाऊस आणि खर्चाचा उसळ

बीड जिल्ह्यात वर्षाला साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात येतो. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. या दिवसांत मातीचा वरचा थर इतका वाळतो की, सूक्ष्मजीवांचे काम जवळजवळ थांबते. काही जिवाणू बीजाणूंच्या रूपात निद्रिस्त राहतात. काही आपल्या पेशीत क्षारसदृश सेंद्रिय पदार्थ साठवून तग धरतात. अनेक मरतात.

मृगाचा पहिला पाऊस पडतो आणि काही तासांतच चित्र पालटते. वळवाच्या किंवा मृगाच्या सरीनंतर येणारा मृद्गंध हा त्याचा परिचित पुरावा आहे. तो मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस वर्गातील जिवाणूंनी बनवलेल्या जिओस्मिन या द्रव्यामुळे येतो. त्याच वेळी मातीतून कार्बन डायऑक्साइडचा मोठा लोट बाहेर पडतो. एच. एफ. बर्च या शास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेतील मातीवर काम करून १९५८ साली ही घटना तपशीलवार मांडली. म्हणून तिला ‘बर्च परिणाम’ म्हणतात. कोरड्या काळात मेलेल्या पेशी, पाणी मिळताच पेशींनी बाहेर टाकलेले साठे आणि ढेकळे फुटल्याने उघडा पडलेला जुना कर्ब, हे सारे एकदम खाद्य म्हणून उपलब्ध होते. जगलेले सूक्ष्मजीव त्यावर तुटून पडतात आणि त्यातून नत्रही मोकळे होते. पहिल्या पावसानंतर पेरलेले पीक जोमाने उगवते, त्यामागे या नत्राचा हात असतो.

पिकाला मिळणारी ही देणगी कर्बाच्या खात्यातून खर्ची पडते. एका हंगामात असा उसळ एकदा आला, तर तो निसर्गाच्या चक्राचा भाग आहे. पावसात वीस-पंचवीस दिवसांचे खंड पडू लागले आणि दर खंडानंतर जोराचा पाऊस येऊ लागला, तर तोच खर्च पुन्हा पुन्हा होतो. खंडाच्या काळात पीक सुकल्यामुळे मुळांकडून येणारी जमा मात्र घटलेली असते.

माथा, उतार आणि खोरे

बालाघाटची रांग गोदावरी आणि मांजरा यांच्या खोऱ्यांमधील जलविभाजक आहे. बीड शहरातून वाहणारी बिंदुसरा याच डोंगरांत उगम पावते, तर मांजरा पाटोदा तालुक्यात उगम पावते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून साचलेला बेसाल्ट हा येथील मूळ खडक. एकाच खडकापासून बनलेली माती मात्र माथ्यावर वेगळी आणि खोऱ्यात वेगळी असते.

माथ्यावर व उतारावर मुरमाड, बरड, वितभर खोलीची माती आढळते. तिच्यावर काटेरी झुडपे, गवत आणि सीताफळाची झाडे वाढतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच हलक्या जमिनीचे देणे आहे. अशा मातीत चिकणमातीचा अंश कमी असल्याने कर्ब धरून ठेवण्याची जागा थोडी असते. झाडोरा व पालापाचोळा टिकला तर तिचे खाते सावरते. चराई, वणवा किंवा तोड यांनी उतार उघडा पडला की पहिल्याच धुवाधार पावसात वरचा थर वाहून जातो. मातीतील सर्वांत जास्त कर्ब आणि सर्वांत जास्त सूक्ष्मजीव याच वरच्या थरात असतात. त्यामुळे एक बोटभर माती गेली तरी नुकसान तिच्या जाडीच्या मानाने फार मोठे असते.

खोऱ्यात खोल काळी माती आहे. तिच्यातील स्मेक्टाइट जातीची चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसून भेगाळते. या मातीची कर्ब धरण्याची क्षमता मोठी आहे. पण उष्ण हवा, वारंवार नांगरट आणि सेंद्रिय खताची टंचाई यांमुळे प्रत्यक्ष साठा क्षमतेपेक्षा बराच कमी राहिला आहे.

या मातीत कर्बाचे दुसरे रूपही असते, ते म्हणजे चुनखडी. अर्धशुष्क हवामानात पाणी लवकर उडून जाते तेव्हा बायकार्बोनेट आणि कॅल्शियम एकत्र येऊन चुनखडीचे खडे मातीतच तयार होतात. नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोतील शास्त्रज्ञांनी दख्खनच्या काळ्या मातीचा दीर्घ अभ्यास केला आहे. हवामान कोरडे होत गेले की सेंद्रिय कर्ब घटतो व चुनखडी वाढते, ही बाब त्यांनी पुढे आणली. चुनखडीतही कर्बच असतो. म्हणून एकूण बेरीज कधी कधी फारशी बदललेली दिसत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र ही अदलाबदल तोट्याची आहे. कॅल्शियम चुनखडीत अडकल्याने मातीत सोडियमचे प्रमाण तुलनेने वाढते, निचरा मंदावतो आणि जमीन चोपण होऊ लागते. स्फुरद, लोह व जस्त हेही पिकाला सहज मिळत नाहीत.

तापमान आणि पावसाची बदलती चाल

तापमान वाढले की सूक्ष्मजीवांचे श्वसन वाढते. पाणी व खाद्य पुरेसे असेल, तर दहा अंशांच्या वाढीने श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. शेतात किंवा जंगलात प्रश्न इतका सरळ नसतो. अमेरिकेतील हार्वर्ड फॉरेस्ट येथे १९९१ पासून जमिनीत केबल पुरून माती सभोवतालापेक्षा ५ अंशांनी उबदार ठेवली गेली. २६ वर्षांचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या दशकात कर्ब वेगाने गेला, नंतर काही वर्षे गळती थांबली, पुढे ती पुन्हा सुरू झाली आणि परत मंदावली. मधल्या शांत काळात सूक्ष्मजीवांची घडण बदलत होती. सहज पचणारे संपल्यावर कठीण पदार्थ खाणाऱ्यांचे प्राबल्य वाढले. वरच्या ६० सेंटिमीटर थरातील सुमारे १७ टक्के कर्ब या काळात गेला. पनामातील उष्ण कटिबंधीय जंगलात माती दोन वर्षे ४ अंशांनी तापवली असता उत्सर्जन ५५ टक्क्यांनी वाढले, असे २०२० साली जाहीर झाले.

ही दोन्ही ठिकाणे ओलसर आहेत. बालाघाटात तापमानाइतकाच, किंबहुना अधिक, निर्णायक घटक ओलावा हा आहे. कडक उन्हाळ्यात माती कितीही तापली तरी पाण्यावाचून सूक्ष्मजीव काम करत नाहीत. म्हणून येथे पावसाची चाल महत्त्वाची ठरते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावरील अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. मराठवाड्याने २०१२, २०१५ आणि २०१८ साली तीव्र दुष्काळ पाहिला. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी द्यावे लागले. त्याच मराठवाड्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टी झाली. बीडसह अनेक जिल्ह्यांत नदी-ओढ्यांकाठच्या जमिनी खरडून गेल्या. दुष्काळात जमा थांबते आणि अतिवृष्टीत भांडवलच वाहून जाते. एकाच शेताला दोन्ही संकटे आलटून पालटून सोसावी लागणे, हे या प्रदेशातील पर्यावरणीय बदलाचे खरे स्वरूप आहे.

खर्च वाढवणाऱ्या सवयी

हवामान शेतकऱ्याच्या हाती नाही. जमिनीला काय परत मिळते, हे काही अंशी त्याच्या हाती आहे. ज्वारी-बाजरीचा कडबा जनावरांना जाई आणि शेण उकिरड्यावरून शेतात येई, तोपर्यंत चक्र फिरत होते. जनावरे घटली, काही शेण गोवऱ्यांत गेले आणि सोयाबीन, कापूस व ऊस यांचे क्षेत्र वाढले. उसाचे पाचट आणि कापसाच्या पऱ्हाट्या पेटवून देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. पऱ्हाट्या शेतात तशाच ठेवल्यास गुलाबी बोंडअळीला आश्रय मिळतो, हे खरे. पण त्या यंत्राने बारीक करून कुजवल्या तर अळीचाही बंदोबस्त होतो आणि कर्बही वाचतो. आगीत मात्र हा कर्ब सूक्ष्मजीवांच्या तोंडी लागण्याआधीच हवेत जातो.

वारंवार नांगरटीचाही परिणाम होतो. ढेकळांच्या आत सुरक्षित असलेला कर्ब नांगराने उघडा पडतो, त्याला हवा मिळते आणि तो लवकर खर्ची पडतो. बुरशीचे तंतू तुटतात व मातीची रवाळ घडण बिघडते.

मातीत कर्ब टिकतो, याचे पुरावे

उष्ण व कोरड्या प्रदेशात कर्ब वाढवणे अवघड असले तरी अशक्य नाही. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेत १९७६ पासून काळ्या मातीवर दोन पद्धतींची तुलना सुरू झाली. एका बाजूला पारंपरिक शेती, दुसऱ्या बाजूला रुंद वरंबा-सरी, पाण्याचा निचरा व जतन, तुरीसारख्या कडधान्याचे आंतरपीक आणि संतुलित खत. २४ वर्षांनंतर सुधारित पद्धतीत १.२ मीटर खोलीपर्यंत हेक्टरी सुमारे ७.३ टन अधिक सेंद्रिय कर्ब आढळला. उत्पादनही कित्येक पटींनी अधिक राहिले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० साली सुरू केलेल्या दीर्घकालीन खत प्रयोगांची केंद्रे महाराष्ट्रात अकोला व परभणी येथे आहेत. रासायनिक खताला शेणखताची जोड दिल्यास कर्ब व सूक्ष्मजीव दोन्ही वाढतात, हा या देशव्यापी प्रयोगांचा सातत्याने आलेला निष्कर्ष आहे.

यामागील कारण सूक्ष्मजीवांच्या आहारात सापडते. त्यांच्या शरीरात कर्ब व नत्र यांचे प्रमाण साधारण ८:१ असते. गव्हाच्या काडात ते ८०:१ च्या आसपास असते. नुसते काड टाकले तर सूक्ष्मजीव मातीतील नत्र ओढून घेतात आणि पीक काही काळ पिवळे पडते. शेणखत, ताग-धैंचाचे हिरवळीचे खत किंवा कडधान्यांचा पाला सोबत दिला तर आहार संतुलित होतो व अधिक कर्ब शरीरात राहतो. रायगड जिल्ह्यातील नेरळ येथे विकसित झालेल्या सगुणा राइस तंत्रात नांगरट टाळून आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू देतात. भातानंतर हे तंत्र इतर पिकांतही वापरले जाऊ लागले. डोंगरउतारावर समतल चर, बांध, गवताचे आच्छादन आणि चराईवर नियंत्रण ही कामे कर्बाच्या दृष्टीनेही मोलाची आहेत. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून राबवल्या गेलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात बीडचा समावेश झाला, त्यामागेही हवामानाला तोंड देऊ शकणारी जमीन व शेती घडवण्याचा हेतू होता.

दावे आणि मर्यादा

या विषयावर अतिशयोक्तीही बरीच होते. कर्ब एक टक्क्याने वाढला की जमीन प्रचंड पाणी साठवते, असे सांगितले जाते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जगभरच्या माहितीच्या विश्लेषणानुसार ही वाढ सरासरी दर १०० मिलिमीटर मातीमागे जेमतेम सव्वा मिलिमीटरच्या आसपास असते आणि चिकणमातीत त्याहूनही कमी. खरा लाभ वेगळा आहे. कर्बयुक्त माती रवाळ राहते, पावसाचे पाणी तिच्यात लवकर शिरते आणि पृष्ठभागावरून कमी वाहते. बाटलीतून येणारी जिवाणू खते उपयोगी असली तरी खाद्य व ओलावा नसलेल्या मातीत बाहेरून आणलेले जिवाणू तग धरत नाहीत. साठवलेला कर्ब कायमचा नसतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. दहा वर्षांत जमवलेले पाचट-शेणखत बंद केले की तो काही वर्षांत ओसरू लागतो. मातीतील कर्बाच्या आधारे कोळसा व तेल जाळण्याची मुभा मागणे म्हणूनच योग्य ठरत नाही.

कपिलधारचा धबधबा उन्हाळ्यात आटतो आणि पावसाळ्यात पुन्हा वाहू लागतो. मातीतील सूक्ष्मजीवांचे कामही याच लयीत चालते. वरची माती जागेवर असेपर्यंत आणि तिच्यात पालापाचोळा पडत असेपर्यंत ही लय सावरते. उतार उघडे पडले आणि शेते जळत राहिली, तर पाऊस तेवढाच पडूनही पाणी कमी मुरेल, झरे लवकर आटतील आणि कोरडवाहू शेतकऱ्याचा एक पावसाचा खंडही सोसण्याचा आधार जाईल. ऊसतोडीसाठी दर हिवाळ्यात हजारो कुटुंबे ज्या जिल्ह्यातून बाहेर पडतात, त्या जिल्ह्यात सेंद्रिय कर्बाच्या पाव-अर्ध्या टक्क्याचे मोल एवढे मोठे आहे.